बेलिताचे बाबा

"काय पद्धत म्हणावी ही? लग्न लागायच्या आधीच आहेर यायलेत."

पाथ्रीकर साहेब माझ्या कानाशी पुटपुटले, तेही तोंडात पोळीचा घास असताना. समोर दोना फेर्नान्दा उभ्या राहून अभिनंदनाचे संदेश वाचून दाखवत होत्या. उत्तरेकडच्या शेजारी देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा संदेश, मग समुद्रापलीकडून तांबं विकत घेणाऱ्या देशाचा, मग कुठल्याशा राजाचा. जनतेनं मार्शलसाहेबांवर जो अढळ विश्वास दाखवला, त्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मतदान आदल्या संध्याकाळी संपलं होतं. निकाल अजून लागायचा होता.

"काय म्हणताहेत तुमचे साहेब?" दोना फेर्नान्दांनी हसून मला विचारलं.

"पोळी छान झालीय म्हणतात," मी म्हणाले.

त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे अजून माझी माणसं आहेत.

आमचे हे तिथल्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. जयसिंगपूरहून आम्ही दोघं गेलो, पुढे ह्यांच्या तापावर इलाज करायला राजधानीत बिऱ्हाड हलवलं, आणि तिथेच हे गेल्यावर मी एकटीच खानावळ चालवायला लागले. परत जायचं तर कुणाकडे, हा प्रश्न होता. भाषा मी बाजारात शिकले, भाजीवाल्या बायकांशी भांडून. भांडणातून शिकलेली भाषा पक्की बसते, फक्त तिच्यात 'कृपया' जरा उशिरा येतं.

त्या वर्षी सार्वमत होतं. मार्शलसाहेबांनी तहहयात राज्य करावं का, एवढाच प्रश्न. मतदाराला दोन चिठ्ठ्या मिळायच्या. 'हो'च्या चिठ्ठीवर मार्शलसाहेबांचा रंगीत फोटो, 'नाही'ची नुसती करडी. एक पेटीत टाकायची आणि उरलेली शेजारच्या टोपलीत. टोपलीला झाकण नव्हतं, आणि टोपलीजवळ शिपाई बसलेला. आम्ही मराठी माणसं फोनवर मार्शलना 'भावजी' म्हणायचो. भावजी बरे आहेत ना, भावजी चिडलेत का, असं. सार्वमताच्या आठवड्यात फोनच बंद झाले, त्यामुळे भावजींची चौकशीही बंद झाली.

बाहेरच्या देशांनी नावं ठेवू नयेत म्हणून सरकारनं एक मित्रराष्ट्र निरीक्षक मंडळ बोलावलं होतं. त्यात आपल्याकडचे पाथ्रीकर साहेब होते. निवृत्त उपजिल्हाधिकारी, साठी उलटलेले, मराठवाड्यातल्या निवडणुका घेण्यात आयुष्य गेलेलं. शाकाहारी, म्हणून हॉटेलवाल्यांनी त्यांच्या जेवणाचं काम मला दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारी दुभाष्याला हाकललं. "समोरचा माणूस पाच मिनिटं बोलतोय, आणि हा मला सांगतोय, सर्व ठीक आहे. सुलभाताई, तुम्हीच बसा माझ्याजवळ." अशी मी पोळपाट सोडून खुर्चीवर गेले.

दोना फेर्नान्दा या मंडळाच्या पाहुणचाराच्या प्रमुख. 'दोना' म्हणजे आपल्याकडच्या 'बाईसाहेब'सारखं. गोऱ्यागोमट्या, गळ्यात मोत्यांची माळ, आवाज कायम खालच्या पट्टीत. मला त्या 'बहिणी' म्हणायच्या. त्यांनी बहीण म्हटलं की माझ्या पाठीवरून मुंगी चालल्यासारखं व्हायचं.

संदेश वाचून झाले तशी मी डबे घ्यायला मागच्या दाराशी गेले. लिंदा आली होती. तिचं पूर्ण नाव एर्मेलिंदा. खानावळीत माझ्या बरोबरीनं राबणारी बाई. ती पोळ्या माझ्यापेक्षा गोल लाटायची, आणि ते मला कधी सहन झालं नाही. तिनं डबा हातात तसाच धरून ठेवला होता.

"बेलिताचे बाबा घरी आले नाहीत," ती म्हणाली.

बेलिता तिची मुलगी, नदीच्या वरच्या अंगाला आजीकडे असायची. बेलिताचे बाबा नदीकाठच्या शाळेत मास्तर होते. त्या शाळेतल्या मतमोजणीचे प्रमुख म्हणून त्यांना नेमलं होतं.

"मोजणी लांबली असेल."

"जाताना घरचा खडू घेऊन गेले. म्हणाले, एकेक चिठ्ठी उचलून दाखवीन आणि फळ्यावर रेघ मारीन. लोकांना खिडकीतून दिसलं पाहिजे."

"मग?"

"लोक खिडकीत उभे होते. करड्या चिठ्ठ्यांच्या रेघा फळ्याच्या खालपर्यंत आल्या. मग गाडी आली आणि खिडक्या लावून घेतल्या."

मी तिच्या हातातून डबा घेतला. गरम होता, पण तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुझ्या साहेबांना सांग," ती म्हणाली. "जास्त काही नको. फक्त विचारायचं, तो माणूस कुठाय. परक्या देशातल्या माणसानं विचारलं की त्यांना दाखवावा लागतो. कुणी विचारलंच नाही तर नदी आहेच."

निरीक्षकांना दुपारी मतमोजणीची केंद्रं दाखवायची होती. गाडीत मी पाथ्रीकर साहेबांना सगळं सांगितलं. दोना फेर्नान्दा पुढच्या सीटवर होत्या, पण मराठीला घाबरायचं कारण नव्हतं. ते खिडकीबाहेर बघू लागले. चौकाचौकात मार्शलसाहेबांचे फोटो, आणि फोटोंखाली लोक फोटोकडे न बघता चालत होते.

"ताई, मी पाहुणा माणूस," ते म्हणाले. "पाहुण्यानं लोकाच्या स्वयंपाकघरात डोकावू नये."

"तुम्हाला स्वयंपाकघरच बघायला बोलावलंय साहेब."

त्यावर ते हसले नाहीत. "त्या थंड देशातल्या बाईंचं काय झालं, पाहिलंत ना?" त्यांनी विचारलं.

पाहिलं होतं. मंडळातल्या एक बाई मतदानाच्या दुपारीच तडकून निघाल्या आणि विमानतळावरून म्हणाल्या, हे मतदान नव्हे, हा हजेरीपट आहे. हॉटेलच्या भटारखान्यात ते रेडिओवर ऐकून टाळ्या पडल्या होत्या. संध्याकाळी रेडिओच गेला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतला एक वाढपीही. एका बड्या देशानं म्हणे जाहीर केलं, आम्ही परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहोत. लिंदानं मला विचारलं होतं, "बारकाईनं म्हणजे? कुठून बघतायत?"

शाळा नदीला लागून होती. वर्ग झाडून घेतलेला, बाकं ओळीत, पेट्या गेलेल्या. दोना फेर्नान्दांनी सांगितलं, या केंद्रावर मोजणी अत्यंत शांततेत पार पडली. पाथ्रीकर साहेब फळ्याजवळ गेले. त्यांनी हात लावला आणि बोटं माझ्यापुढे धरली.

"विचारा त्यांना. शाळेला सुट्टी असताना फळा ओला का?"

मी विचारलं.

"स्वच्छता," दोना फेर्नान्दा म्हणाल्या. "आमच्याकडे स्वच्छतेला फार महत्त्व आहे, बहिणी."

साहेबांनी बोटं रुमालाला पुसली. मला वाटलं, आता गाडीत जाऊन बसतील. पण जन्मभर लोकांच्या सह्या तपासलेला माणूस, त्याला मध्येच सोडवेना.

"इथल्या मोजणीप्रमुखांना भेटायचं होतं."

"अवश्य. त्यांचं नाव?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मला कळलं, की मला त्यांचं नाव ठाऊक नाही. इतकी वर्षं शेजार. आमचे हे गेले तेव्हा खांदा द्यायला पुढे आलेला माणूस. मी त्यांना मास्तर म्हणायची आणि लिंदाशी बोलताना बेलिताचे बाबा. आमच्या गल्लीत तरी काय वेगळं होतं? कुणाचे आबा, कुणाचे अण्णा. समोरच्या घरातल्या माणसाचं नाव त्याच्या तेराव्याच्या पत्रिकेवर पहिल्यांदा वाचायचं.

"लोक त्यांना बेलिताचे बाबा म्हणतात," मी म्हणाले.

दोना फेर्नान्दांच्या चेहऱ्यावर मला फार सुखी हसू दिसलं. "बेलिताचे बाबा," त्या म्हणाल्या. "किती गोड! उद्या दुपारच्या भोजनालाच बोलावते त्यांना. मंडळाच्या निवेदनावर सह्या झाल्या की सगळे एकत्र जेवू. आणि बहिणी, ती तुझ्याकडची बाई त्यांची बायको ना? तिलाही आण."

लिंदाबद्दल मी त्यांना अवाक्षर बोलले नव्हते.

परतताना गाडीत साहेब दबक्या आवाजात माझ्यावर चिडले. "चूक केलीत ताई. मोठी चूक. नाव, बापाचं नाव, आडनाव, याशिवाय मी कधी साधा अर्ज घेतला नाही. नाव नसलेला माणूस कुणीही असू शकतो. संध्याकाळपर्यंत नाव आणा."

मी गेले. लिंदाच्या घराच्या दारावर मास्तरांच्या नावाची लाकडी पाटी असायची. ती अक्षरं मी रोज बघायची आणि वाचायची कधी नाही, कारण तिथली लिपी मला सावकाश जमते. पाटी नव्हती. तिच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन होता आणि खिळ्यांची भोकं.

नळावर शेजारीण घागर भरत होती. "मास्तरांचं पूर्ण नाव काय गं?" मी विचारलं.

"कोण मास्तर?"

"या घरातले."

"या घरात मास्तर राहत नव्हता," ती म्हणाली आणि अर्धीच घागर घेऊन निघून गेली. तिच्या दोन्ही मुली मास्तरांकडे पाढे शिकल्या होत्या.

लिंदा आत चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"लिंदा, त्यांचं नाव सांग."

तिनं मान हलवली.

"अगं, नावाशिवाय ते सोडणार नाहीत. हळू सांग, माझ्या कानात सांग."

"नाही घेता येत."

"मी पण नव्हते घेत. आमच्याकडंही बायका घेत नाहीत. लग्नात एकदा घेतात, तेही यमक जुळवून." मी तिला हसवायला बघत होते. "पण आता वेळ काय आहे!"

"तुमचं वेगळं. आमच्याकडं नदीच्या वर बायको नवऱ्याचं नाव एकदाच घेते. तो परत येणार नाही हे कळलं, की दारात उभी राहून मोठ्यानं. त्याच्या आधी घेतलं तर तो वाटेतनंच माघारी फिरतो." ती माझ्याकडे बघत होती. "तू म्हणशील, असल्या गोष्टी खऱ्या नसतात. ते पण म्हणायचे. मास्तर ना. पण आता ते वाटेवर असतील, सुलभा, आणि मी इथे बसून त्यांची वाट तोडू?"

आमचे हे दवाखान्यात असताना मी त्यांचा रिकामा पाट भिंतीला टेकवू दिला नव्हता. कुणाला काय शिकवू?

"उद्या त्यांना जेवायला आणणार आहेत," मी म्हणाले. "तुलाही बोलावलंय."

तिचा चेहरा एकदम उजळला, तो बघून मला भीती वाटली. तिनं ट्रंकेतून निळा झगा काढला, त्याची घडी मोडली आणि हातानंच सुरकुत्या दाबू लागली. "दाढी वाढलेली असेल," ती म्हणाली. "लोकांच्यात बसायचं म्हणजे कसंतरीच."

मी साहेबांकडे नाव न घेता परत गेले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मोठ्या दालनात पांढरे टेबलक्लॉथ घातले होते. सकाळी निकाल लागला होता. करड्या चिठ्ठ्या साऱ्या देशात मिळून इतक्या थोड्या निघाल्या, की एकट्या नदीकाठच्या शाळेच्या फळ्यावर त्या मावल्या असत्या. संदेशांचा पाऊस पडत होता. टेबलाच्या टोकाला मंडळाचे अध्यक्ष, एक म्हातारे न्यायमूर्ती, चष्मा कपाळावर चढवून निवेदनातला एकेक शब्द निरखत होते. 'मुक्त' हा शब्द ठेवावा की नाही यावर तासभर घासाघीस झाली आणि तो काढला. 'शांततापूर्ण' ठेवला. 'सुव्यवस्थित मोजणी' यावर पाथ्रीकर साहेब अडून बसले.

"आपण त्या मोजणीप्रमुखांना भेटणार होतो," ते इंग्रजीत अध्यक्षांना म्हणाले. "भेटलो, की सही करतो."

"रास्त आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांचं विमान संध्याकाळी होतं.

मी लिंदाला माझ्या खुर्चीच्या मागे उभं केलं होतं. निळ्या झग्यात ती लग्नाला आल्यासारखी दिसत होती. दोना फेर्नान्दांनी टाळी वाजवली आणि दार उघडलं.

एक मध्यम उंचीचा, नुकती दाढी केलेला माणूस आत आला. हसरा, जरा घामेजलेला. त्यानं सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

"नदीकाठच्या शाळेचे मोजणीप्रमुख," दोना फेर्नान्दा इंग्रजीत म्हणाल्या. "बेलिताचे बाबा."

टेबलाभोवती सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी हसलं सुद्धा. अध्यक्षांनी त्याचा हात हातात घेतला. तो माणूस पाठ केल्यासारखं भराभर सांगू लागला, की मोजणी छान झाली, सगळे खूश आहेत, तो स्वतः थोडा थकला होता म्हणून बहिणीकडे गेला होता.

मी त्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं.

पण त्याच्या अंगातला कोट मी पाहिला होता. राखाडी कोट, उजव्या कोपरावर ठिगळ, आणि ते ठिगळ माझ्या जुन्या इरकली साडीच्या काठाचं. लिंदानं मागून नेलं होतं. साऱ्या त्या खंडात तसा काठ दुसऱ्या कुणाच्या कोपरावर असणं शक्य नव्हतं. कोट धुतला होता. अजून पुरता वाळला नव्हता.

माझ्या मागे काही हललं नाही. मी वळून बघायला धजले नाही.

"हाच का तो?" पाथ्रीकर साहेबांनी मराठीत विचारलं. त्यांच्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं.

मी उत्तर द्यायच्या आधीच दोना फेर्नान्दा लिंदाजवळ गेल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या तिथल्या भाषेत बोलल्या, लाडानं, पोरीशी बोलावं तसं. "ये ना पुढे. नवऱ्याला भेट. मग दोघं घरी जा. बेलिताला पण आजीकडून आणायचंय ना? आम्ही गाडी पाठवलीय तिला आणायला."

गाडी पाठवलीय, हे त्यांनी फारच हळू म्हटलं.

लिंदा पुढे आली. त्या माणसासमोर उभी राहिली. तो हसत होता, पण त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला कापरं सुटलं होतं. त्यालाही घरी कुणी असेल. लिंदानं हात पुढे केला आणि ठिगळावरून बोट फिरवलं. एक टाका उसवला होता, तो तिनं नखानं आत सारला. तिच्या तोंडावर राग नव्हता. मी तो चेहरा ओळखत होते. दवाखान्याच्या आरशात मी तो एकदा पाहिला होता.

मग ती वळली, आम्हा सगळ्यांकडे तोंड करून ताठ उभी राहिली, आणि मोठ्यानं बोलली. शेतापलीकडच्या माणसाला हाक मारावी एवढ्या मोठ्यानं.

निरीक्षकांना तिथली भाषा कळत नव्हती. त्यांचे दुभाषे सगळे सरकारी होते, ते एकजात ताटांकडे बघू लागले. राखाडी कोटातला माणूस डोळे मिटून उभा राहिला.

"काय म्हणाल्या या?" अध्यक्षांनी विचारलं.

"भावना अनावर झाल्यात," दोना फेर्नान्दा म्हणाल्या. "नवरा सुखरूप भेटला म्हणून देवाचे आभार मानले त्यांनी." मग माझ्याकडे वळून तिथल्या भाषेत, त्याच खालच्या पट्टीत, "हो ना, बहिणी? तुझी खानावळ किती छान चाललीय. सांग त्यांना."

पाथ्रीकर साहेबांनी पेन कागदावर टेकवलं नव्हतं आणि खालीही ठेवलं नव्हतं. "सुलभाताई," ते म्हणाले. "जसंच्या तसं सांगा. नाही सांगितलंत तरी मी समजून घेईन."

मी लिंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, पोळीला मी पीठ कमी घेतलं की बघायची तशी.

मी खुर्ची मागे सारून उठले. आधी साहेबांसाठी मराठीत सांगितलं, आणि मग माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, टेबलाच्या त्या टोकापर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं.

"माझ्या नवऱ्याचं नाव ज्युस्तिनो आबेल मालेंगा. तो मतं मोजायला गेला होता. तुम्ही त्याला मारलंत."